उभ्याने एक मिनिट

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. विनंती विशेष आहे, पण ती पत्राच्या अगदी शेवटी आहे. तिथे आत्ताच उडी मारू नकोस. (तू वर्तमानपत्रसुद्धा मागच्या पानापासून वाचतोस, म्हणून आधीच बजावते.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? परवा फोनवर विचारलं तर तू "बरंय" म्हणालास आणि फोन ठेवलास. गुडघा, खोकला, हवापाणी आणि जगाची एकूण परिस्थिती, सगळं एका शब्दात. पुढे वहिनींकडून कळलं की गुडघा मुळीच बरा नाही. टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला फोनवर बोलायचा इतका कंटाळा का असावा, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. हलवायानं मिठाई खाऊ नये तसंच असेल.

असो. तीन महिन्यांपूर्वी, ही नोकरी लागल्याचं सांगायला मी तुमच्याकडे आले होते, तो दिवस आठव. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, तू सलग चौदा शब्द बोललास. वहिनींच्या हातातली पळी तशीच अधांतरी राहिली. "जिथे बोलायला एक मिनिट देतात तिथे ही तीन महिने टिकली तर मी मिशी उतरवीन." सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाताना मला राग आला आणि तो तीन महिने टिकला. दादा, आज शुक्रवार, संध्याकाळचे सहा वाजलेत आणि नोकरीत कायम झाल्याचं पत्र माझ्यासमोर पडलंय. राग टिकला, मी टिकले. वस्तरा शोधून ठेव.

आता सविस्तर सांगते. छापखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांनी मला सांगितलं की मुद्रितं तपासणाऱ्या बाईला आता कोण विचारतंय, घरी बस, संध्याकाळची व्याख्यानं दे. पण या कंपनीला माणूस हवा होता तो नेमका शब्दांसाठीच. डॉक्टरकडे घरबसल्या नंबर लावायचं अ‍ॅप ते बनवतात. त्यात जे जे लिहिलेलं दिसतं (बटणावरचं, बटणाखालचं, काही बिघडलं की पडद्यावर उगवतं ते) ते साध्या भाषेत लिहायचं, हे माझं काम. मुलाखतीत त्यांनी विचारलं, आमच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही काय सुधाराल? मी पस्तीस मिनिटं बोलले. समोरच्या तिघांपैकी एक जण मधेच उठून पाणी पिऊन आला, तरी मी त्याच मुद्द्यावर होते. मला वाटतं त्यांनी मला दमूनच घेतलं.

कचेरी कशी आहे म्हणशील तर काचेची. भिंती काचेच्या, दारं काचेची, आणि दार कुठलं नि भिंत कुठली हे नाकालाच आधी कळतं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा आपटले. तिसऱ्या दिवशी सगळ्या काचांवर बरोबर माझ्या नाकाच्या उंचीवर निळी पट्टी लागली होती. या कंपनीच्या प्रगतीला मी लावलेला तो पहिला हातभार. इथे कोणालाही आडनावानं हाक मारत नाहीत, अहोजाहो करत नाहीत, त्यामुळे मी माझ्यापुरती नावं ठेवली आहेत. आमच्या गटाच्या प्रमुख आहेत त्या घड्याळबाई. का ते कळेलच. बटणांचे रंग आणि आकार ठरवतो तो रंगारी. आणि प्रोग्रॅम लिहिते ती हेडफोन. सत्तावीस वर्षांची पोरगी, कानांवरच्या त्या दोन वाट्या कधीच काढत नाही. अगदीच महत्त्वाचं काही असलं तर एक बाजू उचलते. दोन्ही बाजू उचललेल्या कोणी पाहिलेल्या नाहीत.

आता त्या मिनिटाबद्दल. रोज सकाळी दहाला इथे उभी सभा असते. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. उभ्यानं अशासाठी की बसलं की माणूस बोलत सुटतो. (कोणी शोधून काढलं हे? तीस वर्षं मी उभ्यानंच बोलत आले आहे, बसल्यावर मला काही सुचतच नाही!) घड्याळबाईंच्या हातात अंडी उकडताना लावतात तसलं घड्याळ असतं. मिनिट भरलं की ते किंचाळतं. पहिल्या दिवशी माझी पाळी आली. मी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाले, "या सभेच्या सन्माननीय प्रमुख, माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, भिंतीपलीकडून कुतूहलानं पाहणाऱ्या मित्रांनो..." आणि घड्याळ किंचाळलं. दादा, नुसत्या संबोधनात मिनिट संपलं! घड्याळबाई अत्यंत सौम्यपणे म्हणाल्या, "छान. आणि कुठे अडलंय?" मी म्हणाले, "इथेच."

दुसऱ्या आठवड्यात मी प्रस्तावनेपर्यंत पोहोचले. तिसऱ्यात विषयाला हात घातला. रंगाऱ्यानं भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलकी काढायची कला माझ्याच कारकिर्दीत अवगत केली. मी मात्र डगमगले नाही. चार हजार माणसांसमोर ध्वनिक्षेपक बंद पडल्यावरही ज्या बाईनं व्याख्यान पुरं केलं, तिला अंडी उकडायचं घड्याळ काय करणार? (केलं. पण ते पुढे.)

खरी लढाई जुंपली ती एका वाक्यावरून. आमचं अ‍ॅप कधीकधी झोपतं. सगळ्यांचीच झोपतात, त्यात लाज नाही. लाज आहे ती पुढे. झोपलं की पडद्यावर यायचं: "काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा." वाचलंस? काहीतरी! म्हणजे गुन्हा नोंदवला, गुन्हेगार फरार, आणि शिक्षा कोणाला, तर फिर्यादीला: पुन्हा प्रयत्न करा. तू म्हणशील एवढंसं वाक्य, त्यात काय? म्हणून सांगते. आपलं लिखाण लोक कसं वाचतात ते पाहायला मी एक दिवस एका दवाखान्यात जाऊन बसले. तिथे एक म्हातारे गृहस्थ होते, निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या फोनवर ते वाक्य आलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा आलं. एकोणीस वेळा त्यांनी बटण दाबलं, मी मोजलं. मग उठून काउंटरवरच्या बाईंकडे गेले आणि खालच्या मानेनं म्हणाले, "माझीच बोटं जाड झालीत हो, लागत नाही." अरे, ज्यानं जन्मभर घाटात गाड्या चालवल्या, त्याला आम्ही एका ओळीत स्वतःच्या बोटांची लाज वाटायला लावली! बिघाड आमच्या यंत्रात आणि खाली मान त्यांची. जगात जेवढे म्हणून जुलूम झाले, त्यांत पहिली पायरी हीच असते: चूक करायची वरच्यानं आणि ओशाळायचं खालच्यानं. मी त्याच दिवशी ठरवलं, नोकरी राहो की जावो, हे वाक्य जाईल.

तीनदा मी हा विषय मांडला. तीनदा हरले. रंगारी म्हणाला, मोठं वाक्य बटणावर मावत नाही. घड्याळबाई म्हणाल्या, "अहो, एकदा चूक कबूल केली की लोक डोक्यावर बसतात." (त्या मला अहो म्हणतात, एवढा एकच अपवाद कंपनीनं केलाय.) मी म्हणाले, लोक डोक्यावर बसत नाहीत, बाकावर बसतात, ताटकळत, आणि आपलंच चुकलं समजतात. मतं घेतली. सहा विरुद्ध एक. शिवाय माझे तीन महिने भरत आले होते आणि निकाल या शुक्रवारी लागायचा होता. घड्याळबाईंनी बाजूला घेऊन सुचवलं की तोपर्यंत जरा दमानं घ्या.

मग मी दमानं घेतलं, म्हणजे लिहून काढलं. इथे अ‍ॅपच्या दोन प्रती असतात. एक सरावाची, तिच्यात काहीही लिहा, कोणाला दिसत नाही. दुसरी खरी, तिच्यात लिहिलेलं लाखो फोनांवर जातं. दोन्ही हुबेहूब सारख्या. फरक एवढाच की सरावाच्या प्रतीत पडद्याच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी असते आणि खऱ्या प्रतीत लाल. हेडफोननं पहिल्याच दिवशी एक कान उघडा करून मला हे शिकवलं होतं. मी इतकी काळजी घेतली की एका पिवळ्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत "लाल दिसली की हात मागे!" असं लिहिलं आणि सतत नजरेसमोर राहावी म्हणून ती पडद्याच्या वरच्या कडेलाच चिकटवून टाकली. तर मंगळवारी सकाळी, सरावाच्या प्रतीत, त्या नतद्रष्ट वाक्याच्या जागी मी माझ्या मनातला संदेश लिहिला. तीनशे शब्दांचा. सुरुवात अशी:

"नागरिकहो! तुमचा नंबर लागलेला नाही. चूक आमची आहे. तुमचा फोन चांगला आहे. तुमची बोटं चांगली आहेत. तुमचं डोकं ठिकाणावर आहे. आमचं यंत्र बसलं असून ते उठवण्याचं काम आमचं आहे, तुमचं नाही. आपण शांतपणे बसावं, ओशाळणं आमच्याकडे सोपवावं..." आणि पुढे असंच चढत गेलेलं.

आता नशीब बघ. त्याच दिवशी अकरा वाजता अ‍ॅप बसलं. चाळीस मिनिटं. आणि कोण जाणे कशी, माझी ती तीनशे शब्दांची तोफ खऱ्या प्रतीत पोहोचलेली होती. शेकडो दवाखान्यांत, हजारो फोनांवर, एकाच वेळी मी! ध्वनिक्षेपक नाही, हार नाहीत, अध्यक्ष नाहीत, आणि श्रोते मात्र असे की नंबर लागेपर्यंत उठून जायची सोय नाही. कुठल्या वक्त्याच्या नशिबी हे येतं?

कचेरीत धावपळ उडाली. सगळे तक्रारींच्या फोनाभोवती गोळा झाले. मागच्या खेपेला अ‍ॅप बसलं तेव्हा चारशे बारा तक्रारी आल्या होत्या. आता फोन वाजला. एका दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाई होत्या. घड्याळबाईंनी डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, "इथे एकांनी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. पुढचा भाग येणार आहे का?" दुसरा फोन एका आजोबांचा. त्यांनी एकच विचारलं, "बोटं चांगली आहेत लिहिलंय, ते माझ्याबद्दलच ना?" रंगाऱ्यानं फोन धरला होता. तो ताठ उभा राहिला. मग म्हणाला, "हो आजोबा. तुमच्याबद्दलच." दिवसअखेर तक्रारी किती? एकोणीस! त्यांतल्या सात अक्षर बारीक आहे म्हणून.

गुरुवारी पुन्हा मतं घेतली. सात विरुद्ध शून्य. तीनशे शब्दांचे अकरा झाले (ते दुःख मी एकटीच गिळते आहे), पण हे अकरा शब्द आता कायमचे: "चूक आमची आहे. तुमचा फोन चांगला आहे. थांबा, नंबर आम्हीच लावू." आणि हेडफोननं खरंच तशी सोय करून ठेवली की यंत्र उठलं की ते आपणहून नंबर लावतं. 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटणच काढून टाकलं. रंगाऱ्याला जागाही मिळाली. आज घड्याळबाईंनी पत्र हातात ठेवलं आणि विचारलं, "'चूक आमची आहे, तुमचा फोन चांगला आहे' हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हणाले, विजेसारखं. अचानक.

वहिनींना नमस्कार सांग. आणि उत्तर पत्रानं पाठव, एका शब्दाहून जास्त.

तुझी, नोकरीत कायम झालेली,
धाकटी

ता. क. मिशी उतरवल्यावर फोटो पाठवायचा आहे. समोरून आणि एका बाजूनं. हीच ती विशेष विनंती.

ता. क. (रविवार) पाकीट आणायला विसरले म्हणून पत्र घरातच राहिलं, ते एका अर्थी बरं झालं. दादा, वर मी "कोण जाणे कशी" असं लिहिलंय ते खोडून काढ. मी जाणे. मंगळवारी सव्वाअकराला, सगळे धावत होते तेव्हा, मी माझी पिवळी चिठ्ठी उचकटून पाहिली. खाली लाल पट्टी होती. लाल दिसली की हात मागे, असं बजावणारी चिठ्ठी मी बरोबर त्या पट्टीवरच डकवली होती. आणि "नशीब बघ" हेही खोड. अ‍ॅप योगायोगानं बसलं नाही, ते माझ्या भाषणानं बसलं. ती जागा एका ओळीसाठी होती. तिच्यात तीनशे शब्द कोंबल्यावर यंत्राचा घास अडकला. म्हणजे त्या चाळीस मिनिटांत जी चूक मी इतक्या बाणेदारपणे 'आमची' म्हणून कबूल करत होते, ती सबंध माझी एकटीची होती. हे मी पाच दिवस कोणाला सांगितलेलं नाही. शुक्रवारी पत्र घेऊन निघताना पाहिलं तर हेडफोन एकटीच बसून खुलासा लिहीत होती. त्या दिवशी खऱ्या प्रतीवर शेवटचं काम तिचं होतं, असं सगळे धरून चालले आहेत. मी तिला "येते गं" म्हणाले. तिनं एक कान उघडला, हसली, पुन्हा झाकला. चूक वरच्यानं करायची आणि ओशाळायचं खालच्यानं, हे वाक्य मीच लिहिलंय ना वर? दोन दिवस ते मला वाचतंय. उद्या दहाला उभी सभा आहे. कायम झाल्याचं पत्र परत मागतील तर मागू देत. तुझी मिशी वाचेल.

ता. क. (सोमवार) ऐक. माझी पाळी आली. पदर सारखा केला नाही, घसा साफ केला नाही. म्हणाले, "मंगळवारी सरावाची प्रत समजून खऱ्या प्रतीत लिहिलं ते मी. अ‍ॅप माझ्यामुळे बसलं. चूक माझी आहे." आणि गप्प. घड्याळ टिकटिकत राहिलं. घड्याळबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अकरा सेकंद," त्या म्हणाल्या, "हा तुमचा उच्चांक." मग म्हणाल्या, "आम्हाला मंगळवारीच कळलं होतं. कोणी, कुठे, किती वाजता लिहिलं ते यंत्र नावासकट टिपून ठेवतं." (इतकं बोलघेवडं यंत्र आणि मला कोणी सांगितलं नाही!) मी विचारलं, मग या पोरीला खुलासा कशाला लिहायला लावलात? तर त्यांनी तो वाचून दाखवला. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. "त्या जागेला शब्दांची मर्यादा घातलेली नव्हती. ती मी घालायला हवी होती. चूक माझी आहे." मी तिच्याकडे वळले, आणि दादा, हेडफोननं दोन्ही कान उघडे केले. दोन्ही! म्हणाली, "एका ओळीच्या जागी कोणी व्याख्यान लिहील असं मला वाटलंच नाही. वाटायला हवं होतं. तुम्ही समोरच बसता."

एवढ्यात रंगारी भिंतीपासून सुटला. "थांबा, पट्टी इतकी बारीक मी केली. एका चिठ्ठीखाली झाकली गेली म्हणजे चूक माझी." घड्याळबाई म्हणाल्या, दोन्ही प्रती हुबेहूब ठेवायला परवानगी मीच दिली होती. मग कोपऱ्यातला एक जण, जो तीन महिन्यांत "काही अडलं नाही" याखेरीज बोलला नव्हता, तोही हात वर करून काहीतरी स्वतःच्या अंगावर घेऊ लागला. घड्याळ किंचाळलं. कोणी ऐकेना. पुन्हा किंचाळलं. घड्याळबाईंनी ते पिशवीत टाकलं. उभी सभा पाऊण तास चालली, दादा, आणि त्यात माझे सेकंद फक्त अकरा! एका लबाड वाक्याचं राज्य उलथलं आणि त्याच्या जागी सात जण आपापली चूक मिरवत भांडताहेत, याहून मोठी सभा मी आजवर जिंकलेली नाही. पत्र कोणी परत मागितलं नाही. लाल पट्टी आता चार बोटं रुंद आहे, आणि माझ्या चिठ्ठ्या टेबलावर चिकटवायच्या असा ठराव झालाय.

ता. क. (शेवटचा, आणि खरा.) ते विजेचंही खोटं आहे. वाक्य मला सुचलं नव्हतं. मी कॉलेजात होते. वादळानं तारा पडल्या की तू भिजलेला रेनकोट घालून, सायकलवरून, घरोघरी जाऊन सांगायचास: "लाइन आमची तुटलीय. तुमचा फोन चांगला आहे." खात्यानं सांगितलं नव्हतं. मी नुकतीच वादविवाद जिंकायला शिकले होते, म्हणून तुला हसले होते, की वाऱ्यानं तोडलेल्या तारेची चूक तू आपल्या अंगावर का घेतोस? तू म्हणालास, "लोक फोन आपटतात गं." एवढंच. त्या चार शब्दांना उत्तर मला आजवर सापडलेलं नाही, म्हणून मी तुझं वाक्य चोरलं. हेही मी आज सभेत सांगून टाकलं. (म्हणजे माझे सेकंद अकराच नव्हते, तेही खोड.) घड्याळबाई म्हणाल्या, ज्यांचं वाक्य आहे त्यांना घेऊन या.

तर विनंती अशी, की येत्या गुरुवारी दहाला आमच्या उभ्या सभेला ये. गुडघ्यासाठी खुर्ची सांगून ठेवली आहे, तेवढा दुसरा अपवाद कंपनी करते आहे. काचांना निळ्या पट्ट्या आहेत, पण तू उंच आहेस, जरा वाकून बघ. मिशी राहू दे. तुला बोलायला एक मिनिट मिळेल. तुझं पाच सेकंदांत आटपेल हे मला ठाऊक आहे. उरलेले पंचावन्न सेकंद माझ्या नावावर करून दे. घड्याळबाईंना विचारून ठेवलंय, चालेल म्हणाल्या.